दहावी सही

यादीवाले काकाजी माणसाला नावाने हाक मारत नसत, नंबराने मारत. "का गा चारशे बारा, धान कापून झाला का?" असं त्यांनी पारावरून विचारलं की ते मला विचारत आहेत हे सगळ्या गावाला कळायचं. माझी बायको चारशे तेरा. शेजारचे तिघे भाऊ चारशे नऊ, दहा, अकरा. मतदारयादीत नावापुढे जो अनुक्रमांक छापून येतो, तोच काकाजींच्या लेखी आमचा खरा पत्ता. यादी नवी निघाली आणि नंबर बदलले की ते घरोघर जाऊन नवे नंबर सांगत, आणि तेव्हा त्यांचा चेहरा घरात बारसं असल्यासारखा असे. "आता तू चारशे अठ्ठावीस झाला गा. सोळा माणसं वाढली तुह्या वरती. चांगली गोष्ट आहे."

खांद्याला एक खाकी पिशवी. तिच्यात यादी, पेन्सिल, खोडरबर आणि पाण्याची बाटली. पेन ते वापरत नसत. "माणूस बदलते. पेनाची खूण बदलत नाही," हे त्यांचं कारण. नावापुढे बरोबरची खूण असली की तो माणूस आपला. गोल काढलेला असला की 'पुन्हा जाणे', आणि जितक्यांदा जाऊन आले तितक्या बारीक रेघा त्या गोलाच्या बाजूला. तिसरी खूण त्यांच्याकडे नव्हतीच. मी एकदा विचारलं, जे पक्के समोरच्याचे आहेत त्यांच्या नावापुढे फुली का नाही मारत? तर मी काही घाण बोललो असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फुली कायले मारू? मेला का तो?" आणि मेलेल्याच्या नावावरसुद्धा ते तेरवी होईपर्यंत रेघ मारत नसत.

लग्नात लोक भांडी देत, साडी देत, पाकीट देत. काकाजी नवरीच्या हातात मतदारयादीत नाव नोंदवायचा फॉर्म देत. अक्षता पडून पाच मिनिटं झाली नाहीत की हे मंडपात हजर. माझ्याच लग्नात माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, हे काय आणलं तुम्ही? पोरगी अजून उंबरा नाही ओलांडली." काकाजी म्हणाले, "उंबरा ओलांडला की माहेरचं नाव कटते बाई. इकडं चढलं नाही त पोरगी मधातच लटकते." सासूबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी घरी जाऊन आधी आपलं नाव तपासून आणलं.

हे सगळं त्यांच्यात आलं तेंदूपत्त्याच्या फळीवरून, म्हणजे विडीची पानं विकत घेतात त्या जागेवरून. तरुणपणी ते तिथे मुन्शी होते. उन्हाळ्यात बाया पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, घरी बसून जुड्या बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणून देतात. तिथे मुन्शी जुड्या मोजतो. मोजताना शंभरामागे चार-पाच गिळायच्या, हा ठेकेदाराचा रिवाज होता. काकाजींनी गिळल्या नाहीत. दुसऱ्या हंगामात ठेकेदाराने त्यांना काढलं आणि तिसऱ्या दिवशी गावाशेजारच्या गोंड वस्तीतल्या, गोंडटोलीच्या बायांनी पानं फळीवर आणणंच बंद केलं. पानं घरात वाळून चालली तरी बाया हलल्या नाहीत, आणि ठेकेदाराला काकाजींना परत बोलवावं लागलं. "त्या दिवशी मले समजलं," ते सांगत, "मोजणारा आपला पाहिजे. बाकीचं सगळं मागून." पुढची चाळीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. मोजायच्या जागी बसेल असा माणूस शोधायचा आणि त्याच्यासाठी मतं मागत फिरायचं. ग्रामपंचायत असो, पंचायत समिती असो, जिल्हा परिषद की विधानसभा. स्वतः कधीच उभे राहिले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "मी उभा राह्यलो त यादी कोण पाह्यल?"

मतदानाआधी घरोघर वाटायच्या त्यांच्या नाव-नंबराच्या चिठ्ठ्यांवर 'पुरोगामी उमेदवार' असं हाताने लिहिलेलं असे. गावात कोणी त्या शब्दाचा अर्थ विचारला की ते व्याख्यान देत नसत. त्यांची एक परीक्षा होती. उमेदवार म्हणून कोणाचं नाव निघालं की ते गोंडटोलीतलं एखादं माणूस बरोबर घेऊन, न सांगता, भरदुपारी त्याच्या घरी जात आणि पाणी मागत. दोघांना एकाच तऱ्हेच्या गिलासात पाणी आलं तर ओसरीवर बसून पुढचं बोलणं. एकाला स्टीलचा आणि दुसऱ्याला कोनाड्यातला निराळा गिलास आला तर, "बरं, येतो," म्हणून उठत. एक मोठे शिकलेले, भाषण करणारे गृहस्थ याच गिलासावर गेले. त्यांच्या प्रचाराच्या मांडवात काकाजी का दिसत नाहीत याचा ते शेवटपर्यंत शोध घेत होते. पोवाराच्या घरी पोवारी, टोलीत गोंडी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, अशी काकाजींची जीभ कुठेही चाले, पण पाण्याची परीक्षा सगळ्यांना सारखी.

त्यांचा उमेदवार पडायचाच. धिवरांची बी.ए. झालेली पोरगी पडली. रिटायर पोस्टमन पडला. शाळेत खिचडीची वेगळी पंगत मोडणारा मास्तर पडला, तोही सपशेल. पानठेल्यावर पोरं चिडवत, "काकाजी, यंदा कोणाले पाडून राहिले?" काकाजी शांतपणे सुपारी कातरत म्हणत, "मागच्या बारी आपल्याले ह्या बूथवर एकशे चार पडले होते. यंदा एकशे सदतीस. तेहतीस माणसं आली कोठून, ते सांग." मग त्या तेहतीस माणसांची नावं ते आठवून आठवून सांगत, आणि तोवर चिडवणारे कंटाळून पांगलेले असत.

त्यांचं एक म्हणणं मी तेव्हा नुसतं ऐकलं, समजलं फार उशिरा. ते म्हणत, "एका घरी तीनदा जावं. पह्यल्यांदा माणूस ऐकत नाही. दुसऱ्यांदा चहा पाजते. तिसऱ्यांदा खरं बोलते." तीनदाच्या आत त्यांनी कोणाला सोडलं नाही आणि चौथ्यांदा कोणाच्या दारी गेले नाहीत.

आता माझं सांगतो. इतका वेळ काकाजींच्या गमती सांगत बसलो, कारण त्या सांगताना बरं वाटतं. माझं सांगताना बरं वाटत नाही.

मला अठरावं पूर्ण झालं त्याच महिन्यात काकाजी फॉर्म घेऊन आमच्या अंगणात आले. मी सहीच्या जागी शाळेत लिहितात तसं नाव लिहिलं. "हे नाव झालं. सही कोठी आहे?" म्हणाले. मग जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी माझ्याकडून तीस-चाळीस सह्या करून घेतल्या. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून नावाखालून रेघ काढायची, हे त्यांनीच सुचवलं. जमली तेव्हा मान हलवून म्हणाले, "आता हे बदलवू नको. माणूस तिथं नसला तरी त्याची सही त्याच्या बदल्यात उभी राह्यते." त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर हिंडलो. चिठ्ठ्या लिहिल्या, बूथबाहेर टेबल मांडलं, पोलिंग एजंट म्हणून बसलो, पडलेल्या उमेदवारांबरोबर परत आलो. लोक मला काकाजींचा पोरगा म्हणत. त्यांना पोरगा नव्हता. मला ते म्हणणं आवडायचं.

काकाजींचा एकच उमेदवार निवडून आला, तो म्हणजे सुकवंताबाई. गोंडटोलीची, फळीवर पानं आणणाऱ्या बायांपैकी एक. बोलायला अशी की समोरच्याची भीड ठेवायची नाही. ग्रामपंचायतीत गेली आणि पहिल्याच सभेत विचारलं की बोअरवेल सगळ्या गावात आहेत, मग टोलीचीच नादुरुस्त का राहते. सरपंच म्हणाले, बघू. ती म्हणाली, "मी आत्ताच बघून आली. तुम्ही कधी बघाल ते सांगा." पंधरा दिवसांत टोलीत पाणी आलं. वनहक्काच्या दाव्यांसाठी तिने टोलीतली सगळी घरं तहसीलला चालवत नेली. मग एका विधानसभेला काकाजींनी ठरवलं की बाईला उभं करायचं. आमच्या भागात टोलीतली बाई आमदारकीला उभी राहिल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. ती पडणार हे आम्हांला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. "पडीन त पडीन," ती म्हणाली. "पण मशीनवर माहं नाव त राह्यल. माह्या नातीले बोट ठेवून दाखवता येईल."

पक्ष मोठा नसला की विधानसभेच्या अर्जावर दहा सूचक लागतात, मतदारसंघातले दहा मतदार, दहा सह्या. त्यातली एक जरी खोटी निघाली तरी अर्ज बाद. म्हणून हुशार लोक दोन-तीन अर्ज भरतात, वेगवेगळ्या सह्यांचे. अर्ज लिहून देणाऱ्या माणसाने काकाजींना तेच सांगितलं, आणखी दहा सह्या घ्या, आणखी एक अर्ज टाका, घोडं कुठे अडायला नको. काकाजींनी ऐकलं नाही. "दहा म्हणजे दहा. अकरावा घेतला त ह्या दहातल्या कोणावर तरी आपला भरवसा नाही, असं होते. कोणावर नाही ते सांग, त्याचं नाव आत्ता काढतो." आम्ही दहाही जण तिथेच बसलेलो. सगळ्यांची छाती फुगली. दहावी सही माझी होती, शेपटी मागे वळवलेली, खालून रेघ काढलेली. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी भरला.

त्याच दिवशी दुपारी माझ्या दारात गाडी उभी राहिली. आमच्या भागातले जे मोठे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ज्यांना टोलीची मतं नेहमी इमानाने जायची आणि या वेळी जाणार नव्हती, त्यांचा माणूस आला होता. दमदाटी नाही, शिवीगाळ नाही. खुर्चीत बसला, पाणी प्यायला, माझ्या पोरीची शाळा विचारली. मग म्हणाला, "धान खरेदी केंद्रावर ग्रेडरची जागा आहे. संस्था आपलीच आहे. भाऊ म्हणत होते, पोरगा हुशार आहे, त्याचं काहीतरी करा. और आपको करना क्या है, सिर्फ सच बोलना है, कि साइन आपका नहीं है." सच हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मी नुसती मान हलवली. पाच मिनिटांचं काम. मला तर विचार करायला वेळसुद्धा मागावासा वाटला नाही, आणि आजही सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते, असं मी कित्येक दिवस समजत होतो. तसं नाही. जास्त लाज पुढच्या दिवसाची आहे.

पुढच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज घेत होते. सकाळी दहाला काकाजी माझ्याकडे आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, पोरीला मांडीवर बसवून तिला तिचा भविष्यातला नंबर किती येईल ते सांगितलं. मी फक्त एवढं म्हणायचं होतं की काकाजी, माझ्याच्याने होत नाही, माझं नाव काढा. ते रागावले नसते. दुसरा माणूस, दुसरा अर्ज, पाच तासांत सहज झालं असतं. सुकवंताबाई उभी राहिली असती आणि मी नुसता एक भित्रा माणूस ठरलो असतो, जगात असतात तसा. त्याऐवजी मी त्यांना आणखी चहा घ्या म्हणालो. ते गेल्यावर मी घड्याळाकडे पाहत बसलो, तीन वाजेपर्यंत. तीन वाजले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. असा मी माणूस.

छाननीच्या दिवशी मी भाऊंच्या माणसाच्या गाडीतून गेलो. कचेरीच्या हॉलमध्ये सगळे उमेदवार, त्यांचे वकील, पोलीस. सुकवंताबाई नवं हिरवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर, शेजारी काकाजी, मांडीवर पिशवी. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांना वाटलं, गर्दीमुळे. मग हरकत घेतली गेली, माझं नाव पुकारलं. साहेबांनी अर्ज माझ्यासमोर धरून विचारलं, "ही सही तुमची आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

वकिलाने प्रतिज्ञापत्र आधीच टाइप करून आणलेलं होतं. त्यावर सही करायची होती आणि तिथे मी थांबलो, कारण मला एकच सही येत होती. ती केली असती तर दोन्ही कागद जुळले असते. मग मी नाव लिहिलं, साधं, सुटं सुटं, अठराव्या वर्षी अंगणात लिहिलं होतं तसं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुळत नव्हते.

सुकवंताबाईने काकाजींच्या पिशवीला हात घातला. "काढा ना," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "त्याच्या सह्या आहेत ना तुमच्याजवळ. एजंटाचे कागद आहेत. काढा." होतेच. मागच्या तीन निवडणुकांचे कागद त्या पिशवीत होते हे मला ठाऊक होतं, मीच घडी घालून ठेवले होते. काकाजींचा हात पिशवीत गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात रिकामाच बाहेर काढला आणि साहेबांना म्हणाले, "तो नाही म्हणते साहेब, त नाही. आमचं काही म्हणणं नाही."

अर्ज बाद झाला. बाहेर पायरीवर सुकवंताबाई त्यांच्यावर ओरडत होती. मी गाडीच्या काचेआडून ऐकलं. काकाजी एवढंच म्हणत होते, "कागद काढला असता त त्याले केस लागली असती बाई. खोटं लिहून दिलं त्यानं. पोरगा आत गेला असता. तुहा अर्ज पाच वर्षानं भरू." ती म्हणाली, "पाच वर्ष मी जगीन का नाही, ते कोणी मोजलं?" घरी बायकोने मला वाढलं आणि ताटापासून उठून गेली. तिचं नावही त्या यादीत काकाजींनीच चढवलं होतं.

ग्रेडरची जागा मला मिळाली. कबूल केल्याप्रमाणे मिळाली, हेही सांगायला हवं. लोकांना ऐकायला आवडतं की असल्या माणसाला शेवटी फसवतात. मला कोणी फसवलं नाही. मी आजही तिथेच आहे, परखीची टोकदार नळी धानाच्या पोत्यात खुपसून दाणे तळहातावर घेतो, ओल पाहतो, पावतीवर सही करतो. ती दुसरी सही. पहिली मी कचेरीत नाकारली होती, ती परत वापरायची सोय नव्हती. बँकेत जाऊन तीही बदलून आलो. दिवसाला साठ-सत्तर वेळा मी ते सुटं सुटं नाव लिहितो.

त्या हंगामात काकाजी आपल्या दोन एकरांचं धान घेऊन रांगेत उभे राहिले. माझ्यापुढे आले तेव्हा मी मान वर न करता ओल पाहिली. मी पावती दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. "सही नवीन आहे वाटते," म्हणाले. मी म्हणालो, "पुढचे कोण आहेत, या." ते बाजूला झाले, पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि गेले. पुढच्या हंगामात पुन्हा आले. मी माणूस पाठवून त्यांच्यासाठी चहा मागवला, खुर्ची दिली. ते बसले, तुडतुड्याचं बोलले, इटियाडोह धरणाकडे पाऊस कसा झाला ते बोलले, आणि मग नुसते बसून राहिले, कप हातात धरून. मी कामात असल्यासारखं केलं. तिसऱ्या वर्षी धान आधीच देऊन झालं होतं, तरी एका दुपारी ते फाटकातून आत येताना मला दिसले, काठी टेकत. मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिलो. हमालाला विचारलेलं ऐकू आलं, "ग्रेडर कोठी गेला गा?" हमाल म्हणाला, "आत्ताच होते." ते पायरीवर बसले. बाटलीतलं पाणी प्यायले. अर्धा तास बसले असतील. मी अर्धा तास तागाच्या वासात उभा राहिलो, चाळिशी गाठलेला बाप्या, पोत्यामागे लपलेला. मग ते गेले.

पौषात ते वारले. मी मातीला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि सगळ्यांच्या आधी निघालो. पिशवी सुकवंताबाईकडे गेली असं बायकोने सांगितलं.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे आणि सुकवंताबाई उभी राहते आहे. केस पांढरे झाले तिचे, आवाज तोच आहे. इथे एकच सूचक लागतो. चार दिवस मी मनाशी घोकलं आणि पाचव्या दिवशी सकाळी टोलीत गेलो. संस्था काढून टाकेल तर टाको, असं पहिल्यांदाच मनात आलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी म्हणालो, "बाई, या वेळी सूचक मी होईन."

ती उठली. आत गेली आणि ती खाकी पिशवी घेऊन आली. काकाजींनी शेवटची वापरलेली यादी काढली, माझं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. माझ्या नावापुढे पेन्सिलीचा गोल होता. बाजूला तीन बारीक रेघा. तिसऱ्यांदा मी भेटलो नव्हतो, तरी तिसरी रेघ होती. तेव्हा मला समजलं की ते धानासाठी येत नव्हते. माझ्याकडे येत होते. पहिल्यांदा मी ऐकलं नाही, दुसऱ्यांदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा, खरं बोलायच्या वेळेला, थप्पीमागे उभा होतो.

"काकाजीनं तुले माफ केलं का नाही, मले माहीत नाही," सुकवंताबाई म्हणाली. "त्यानं गोल काढला. मी त गोल बी काढला नसता. त्यानं तुले वाचवलं, पण माह्या अर्जावर वाचवलं. मले विचारलं नाही. तूही विचारलं नाही." तिने यादी मिटली. "आन सही कोणती करशीन? पह्यली का दुसरी?"

पहिली माझी राहिलेली नाही आणि दुसरी कोणाच्या कामाची नाही.

"सूचक भेटला आहे," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला, त्यावर पेन्सिल ठेवली. "यादीतले नंबर नीट पाहून लिही. एकही माणूस सुटला नाही पाहिजे. चिठ्ठीवर सही लागत नाही."

मी ओसरीवर बसलो आणि एक नंबरापासून लिहायला लागलो.